टाचांच्या भेगांसाठी घरचे मलम: दर वेळी बुरशी का धरते?

द्राक्षबाग:
नमस्कार. आमची बाग निफाड तालुक्यात आहे आणि ऑक्टोबरच्या छाटणीपासून आईचा बराचसा दिवस अनवाणी, ओल्या मातीत जातो. थंडी पडली की तिच्या टाचांना अशा भेगा पडतात की गोधडीचे दोरे त्यांत अडकतात. गेल्या महिन्यात मी कोरफडीचा ताजा गर आणि खोबरेल घोटून मलम केले. चार दिवस तिला बरे वाटले, पण पुढे बरणीत पाणी सुटले आणि दहाव्या दिवशी वर बुरशी दिसली. दुसऱ्या खेपेस फ्रीजमध्ये ठेवले, तर खोबरेल दगडासारखे घट्ट झाले आणि गर वेगळा राहिला. टिकेल असे मलम कोणत्या प्रमाणात करावे? आई बाजारची क्रीम लावायला तयार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गोदाकाठ:
ताई, दोष तुमच्या हाताचा नाही, गराचा आहे. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच, आणि जिथे पाणी आहे पण ते टिकवणारे काही नाही, तिथे बुरशी येणारच. मलमात पाण्याचा थेंबही नको. मी 20 ग्रॅम मधमाशीचे मेण आणि 80 ग्रॅम तिळाचे तेल घेते. पातेल्यात पाणी गरम करून त्यात कोरडे वाडगे ठेवायचे आणि मेण वितळेपर्यंत ढवळायचे; मेण साधारण 62 ते 64 अंशांवर वितळते, त्यामुळे थेट आचेवर ठेवण्याची घाई करू नये. नाशिकच्या डिसेंबरात हे मलम फार कडक वाटले, तर तेल 100 ग्रॅमपर्यंत वाढवावे. खोबरेल सुमारे 24 अंशांखाली गोठते, म्हणून हिवाळ्यात मी तिळाचेच वापरते. मेणबत्तीचे मेण मात्र घेऊ नका, कारण त्यात रंग आणि सुगंध मिसळलेले असू शकतात.

आता लावण्याविषयी, कारण माझी स्वतःची दोन वर्षे इथेच वाया गेली. तळपायाच्या त्वचेत तैलग्रंथी नसतात. कोरड्या हवेत टाचेची जाड त्वचा पाणी गमावून ताठ होते आणि उभे राहिल्यावर अंगाच्या भाराने टाच कडेला पसरली की तडकते. मेण आणि तेल पाणी देत नाहीत, असलेले पाणी फक्त अडवून धरतात. म्हणून कोरड्या टाचेवर कितीही मलम चोळले तरी उपयोग बेताचाच. पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, टिपून घ्यावेत आणि ओलसर असतानाच मलम लावून सुती मोजे घालावेत. बरणीत ओले बोट घालू नये, कोरडा चमचा ठेवावा.

सिडकोतला_कोकणी:
आमच्याकडे भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, याच कामाला वापरतात. त्याचा घट्ट गोळा असतो. आजी तो दिव्याच्या ज्योतीवर धरून थेंब थेट भेगेत सोडत असे. तो चटका मला अजून आठवतो, त्यामुळे तसे करा असे म्हणवत नाही. वरच्या मलमात तेलाचा चौथा हिस्सा भिरंडेल घातले, तर ते पायाला चिकट लागत नाही. भांडी बाजारातली पितळी वज्री आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, एवढी पुरे. ब्लेडने कातडी कापू नये.

औषधवाला:
माझे औषधांचे दुकान आहे, म्हणून एक विचारतो: आईंना मधुमेह आहे का? असल्यास पाय भिजवणे आणि वज्री दोन्ही टाळावीत, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला पोळलेले किंवा खरचटलेले कळत नाही. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा एकाच पायाला खाज सुटून साल निघत असेल, तर ती बुरशीची लागण असू शकते. तिथे मलमाचे प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. कधी त्या तयार झाल्याच, तर 10 ते 25 टक्के युरियाची क्रीम जाड टाचेवर चांगली लागू पडते. शेतकरी घर आहे म्हणून सांगून ठेवतो, गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून लावू नये. असे करून आलेले गिऱ्हाईक मी पाहिले आहे.

द्राक्षबाग:
सर्वांचे आभार. आईची साखर दिवाळीआधीच तपासली होती, ती ठीक आहे, आणि रक्त किंवा खाजही नाही. काल 20 ग्रॅम मेण, 75 ग्रॅम तिळाचे तेल आणि 25 ग्रॅम भिरंडेल असे मलम केले. सकाळच्या गारठ्यातही ते बोटाने सहज निघाले. मोजे घालून झोपायला आईचा ठाम नकार आहे, म्हणून सध्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या बांधत आहे.