एकपात्रीतला जेफरसन: उलट बोलायला रंगमंचावर कुणी नको का?

निशिगंध
अमेरिकेत जुन्या राष्ट्राध्यक्षांचे एकपात्री प्रयोग हा चांगला चालणारा धंदा आहे. लिंकन, टेडी रूझवेल्ट यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनवर. मी पाहिलेल्या प्रयोगात नट गुडघ्याएवढ्या विजारीत आला आणि स्वातंत्र्य, पुस्तकं, फ्रेंच वाइन यांवर इतकं लाघवी बोलला की प्रेक्षक खिशात. गुलामगिरीचा विषय निघाल्यावर आवाज खाली आणून त्याने जेफरसनचं १८२० च्या पत्रातलं वाक्य टाकलं: लांडग्याचे कान धरून ठेवलेत, धरवतही नाही आणि सोडवतही नाही. सगळे हळहळले. कुणासाठी, तर धन्यासाठी! आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं या गृहस्थाच्या मालकीची होती. नट वाईट नव्हता. खोट आहे ती प्रकारातच, कारण एकपात्रीत अध्यक्षाला "खोटं बोलताय" म्हणणारं पात्रच नसतं.

बाकडं_चार
पूर्ण थांबला होतात ना? शोतोक्वा पद्धतीच्या, म्हणजे इतिहासातली व्यक्ती रंगवून तिच्या तोंडून बोलायच्या, प्रयोगाचे तीन भाग असतात. आधी भाषण, मग भूमिकेत राहूनच प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं, आणि शेवटी भूमिका उतरवून अभ्यासक म्हणून उत्तरं. क्ले जेंकिन्सन यांनी अशाच पद्धतीने जेफरसन केला आणि ते स्वतः इतिहासाचे अभ्यासक आहेत. सॅली हेमिंग्ज ही त्याच्या मालकीची गुलाम बाई, तिला त्याच्यापासून मुलं झाल्याचा आरोप होता. तिच्याबद्दल विचारलं तर जेफरसनने विषय टाळायलाच हवा, कारण खऱ्या जेफरसनने त्या आरोपावर जाहीरपणे तोंड उघडलं नाही. टोप काढल्यावर मात्र त्या आरोपाला बळ देणारी १९९८ ची डीएनए चाचणी सांगायची. आजच्या सोयीचा पश्चात्ताप त्याच्या तोंडी घातला तर ते जास्त मोठं खोटं. उलट बोलणारं पात्र आहे की, तिकीट काढून समोर बसलंय.

निशिगंध
तिकीट काढलेला माणूस "तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?" विचारतो हो. आणि तिसरा भाग येईपर्यंत निम्मे लोक पार्किंगमध्ये असतात.

माँटिसेलोच्या, म्हणजे जेफरसनच्या घराच्या, जेवणघराचं उदाहरण घ्या. शेकोटीच्या दोन्ही अंगांना छोटे पाळणे आहेत, त्यांतून तळघरातल्या वाइनच्या बाटल्या वर यायच्या. फळ्या ठोकलेलं एक फिरतं दार आहे. पलीकडून त्यावर ताटं ठेवायची, दार फिरवलं की जेवण आत. वाढणारे हात कमीत कमी दिसावेत अशी सोय. तुमचा एकपात्री मला तसाच वाटतो. दाराच्या पलीकडे एडिथ फॉसेट होती, अध्यक्षांच्या निवासस्थानी फ्रेंच स्वयंपाक शिकलेली मुख्य स्वयंपाकीण. १८२६ मध्ये जेफरसन गेला, मृत्युपत्रात तिच्या लोहार नवऱ्याला, जोसेफला, मुक्त करून. बायकामुलांना नाही. जानेवारी १८२७ च्या लिलावात ती विक्रीला निघाली. पुढे जोसेफने खपून एडिथला आणि काही मुलांना सोडवून आणलं. हे कुठल्या स्वगतात बसवणार?

विंगेतला_गणपत
नाटकवाला म्हणून बोलतो. खरा जेफरसन जाहीर बोलायचाच नाही! ४ मार्च १८०१ चं शपथविधीचं भाषण इतक्या बारीक आवाजात झालं की सभागृहातल्या बहुतेकांना धड ऐकूच गेलं नाही. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, द्यायचा वार्षिक संदेशही तो लेखी पाठवायचा. म्हणजे दोन तास खणखणीत बोलणारा जेफरसन मुळातच नाटकी आहे. त्यामुळे अस्सलपणाचा दावा मलाही पटत नाही, पण निशिगंधताईंचा निष्कर्षही नाही. माणूस बोलका असेल तर प्रकार फुलतो. नट जेम्स व्हिटमोर यांनी एकट्याने उभा केलेला राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन बघा. त्या रंगमंचीय प्रयोगाचंच चित्रीकरण सिनेमा म्हणून लागलं आणि त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं.

निशिगंध
नामांकन नटाला होतं, ट्रूमनला नव्हे. हिरोशिमावर बॉम्ब टाकायच्या त्याच्या हुकमाला "पण" म्हणणारं त्या मंचावर कोण होतं?

बाकडं_चार
म्हणजे आता मंचावर सगळेच हवेत. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या जिवंत इतिहास-संग्रहालयात १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रवेश करून दाखवला होता, आठवतंय? कृष्णवर्णीयांच्या संघटनाच विरोधाला उभ्या राहिल्या, दुःखाचा तमाशा मांडताय म्हणून. बघितल्यावर विरोधकांतल्या एकाचं मत बदललं, हेही खरं. पण धोका किती आहे ते कळतं. त्यापेक्षा अध्यक्षाला बोलू द्यावं आणि त्याच्याच शब्दांत त्याला पकडावं. लांडग्याचं वाक्य ऐकून तुम्हाला चीड आली ना? मग प्रयोग वाया गेला नाही.

निशिगंध
माझी चीड प्रयोगाच्या खात्यावर जमा करू नका. मी आधी वाचून गेले होते. शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या.

विंगेतला_गणपत
मग एडिथचाच एकपात्री करा. ती स्वयंपाकघरात, फिरत्या दारापलीकडून जेफरसनचा नुसता आवाज. तोही बारीक, ऐकू न येणारा. नेपथ्य स्वस्तात होईल, दार मात्र नीट फिरणारं बनवावं लागेल. तेच खर्चिक. संहिता कोण लिहितंय?