पोरांना इंग्लिश शब्द लक्षात राहायला घरी काय करता? (अनुभव धागा)

पहिली-दुसरीची पोरं, घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश. घोकंपट्टी सोडून कुठली युक्ती चालली सांगा बघू, फसलेली पण चालेल.

शहापूर, बेळगाव:
इंग्लिशमधला काऊ म्हटलं की आमच्या पोरीला चिऊ-काऊतला काऊच आठवायचा! मग तिलाच चित्र काढायला लावलं, गाईच्या पाठीवर कावळा बसून गोचिड टिपालाय, हे तर रस्त्यावर रोज दिसतंय की ओ. तेव्हापासून गडबड नाही. बेल पण तसंच, कपिलेश्वराला गेलो की बेल वाहायचा आणि बेल वाजवायची. विहिरीवर वेल चढवून वेल हा शब्द तिनं स्वतःच जमवला.

खानापूर:
असं सारख्या आवाजाचा ओळखीचा शब्द चित्रात जोडण्याला कीवर्ड मेथड म्हणतात, १९७५ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ॲटकिन्सन ह्या मानसशास्त्रज्ञांनी रशियन शब्दांवर करून बघितलेली. मी प्रायमरीला शिकवते. डोळ्यासमोर येणाऱ्या वस्तूंना चालतंय हे, पण बिकॉजचं काय चित्र काढणार? तिथं अख्खं वाक्यच बोलून घ्यावं लागतं. आणि आपण आयतं दिलेलं चित्र पोरं विसरतात, त्यांचं स्वतःचं येडंबागडं राहतंय.

निपाणी:
चित्रानं एकदा आठवतं ओ, आठवड्यानं काय? आमच्याकडं मिठाईचे तीन रिकामे डबे आहेत, जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केलेत, मागच्या कोऱ्या बाजूला शब्द. पहिला डबा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा रविवारी. बरोबर आलं की पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्यात, ही लाइटनर म्हणून एकाची जर्मनीतली आयडिया. पत्ता मागं गेला की पोरगं रुसून बसतंय, म्हणून आता "मुक्कामाला गेला" म्हणतो. उत्तर यायच्या आधी आपण सांगायचं नाही, गप्प बसायचं, हेच अवघड बघा, सासूबाईंना तर अजिबात जमत नाही.

चिकोडी:
नातवाला मनातल्या मनात घरभर प्राणी बसवून दिलेत. उंबऱ्यावर लायन, मोरीत फिश, देवघरात एलिफंट (गणपतीमुळं तो पहिल्या दिवशीच पाठ). मधलाच एखादा विसरला की उठून त्या खोलीत जाऊन बघून येतंय.

टिळकवाडी:
आम्ही कन्नड पण वापरतो, मने म्हणजे घर, घरात मनी (इंग्लिशमधले पैसे). मालक म्हणतात तिन्ही भाषांची खिचडी होणार, अजून तरी झालेली नाही. पण स्पेलिंगला ह्यातलं काहीच लागू पडेना, नाइफमधला के कसा लक्षात ठेवायला लावता ते कुणीतरी सांगा की.