कॅनव्हीजीने एसव्हीजीची पीएनजी करताना पहिल्या खेपेस मराठी फॉन्ट येत नाही

पावतीपुस्तक (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या पावत्यांसाठी मी एक साधे वेबपान लिहिले आहे. पावतीचा साचा एसव्हीजीमध्ये (रेषा आणि अक्षरांचे वर्णन मजकूर म्हणून ठेवणारा चित्रप्रकार) असून तो जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग म्हणून ठेवलेला आहे. कार्यकर्ता फॉर्ममध्ये देणगीदाराचे नाव, रक्कम आणि पावती क्रमांक भरून बटण दाबतो, तो मजकूर साच्यात बसतो आणि एसव्हीजी वाचून ब्राउझरच्या कॅनव्हासवर, म्हणजे पिक्सेलच्या चित्रफलकावर, काढणाऱ्या कॅनव्हीजी या लायब्ररीच्या साहाय्याने पीएनजी (पिक्सेलचे चित्र) उतरते. पावती पडद्यावर कुठेही दिसत नाही, थेट फाइलच हाती येते. फॉन्ट मुक्ता असून तो गूगल फॉन्ट्सवरून घेतला आहे.

अडचण अशी की, पान उघडल्यानंतरच्या पहिल्या पावतीत अक्षरे मोबाइलच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये येतात आणि ‘यांजकडून साभार पोच’ ही ओळ चौकटीबाहेर जाते. तीच माहिती तशीच ठेवून पुन्हा बटण दाबले की पावती अगदी बरोबर निघते. दुसरे असे की, कागदावर छापल्यास अक्षरांच्या कडा धूसर दिसतात. साच्याचा व्ह्यूबॉक्स, म्हणजे आखणीचे माप, ५९२ बाय ४२० आहे.

लायब्ररी घेण्यापूर्वी मी एसव्हीजीचे बेस-६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करून ते इमेजमध्ये भरण्याचा आणि ती इमेज कॅनव्हासवर काढण्याचा प्रयत्न केला होता. इंग्रजी साच्यावर ते चालले, परंतु मराठी मजकूर येताच ते रूपांतर करणाऱ्या ‘बीटीओए’ या फंक्शनने त्रुटी दाखवली, म्हणून तो नाद सोडला.

जोडाक्षर (उत्तर)

दुसऱ्या खेपेस बरोबर येते, यातच कारण दडलेले आहे. वेबफॉन्टची (इंटरनेटवरून येणाऱ्या फॉन्टची) घोषणा सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीच्या नियमांत, केली म्हणून ब्राउझर तो लगेच उतरवून घेत नाही. त्या फॉन्टमधील मजकूर प्रत्यक्ष रंगवण्याची वेळ आली की मगच तो मागवतो. तुमच्या पानावर मुक्तातील मजकूर कुठेच दिसत नसल्यामुळे कॅनव्हीजीने कॅनव्हासवर पहिली ओळ लिहिली, तेव्हाच फॉन्टची मागणी नोंदवली गेली. कॅनव्हास मात्र फॉन्टसाठी थांबत नाही. हाताशी असलेल्या फॉन्टात लिहून तो मोकळा होतो, आणि नंतर फॉन्ट आला तरी लिहिलेले पुन्हा लिहीत नाही. दुसऱ्यांदा बटण दाबेपर्यंत फाइल आलेली असते, इतकेच.

यावर ‘डॉक्युमेंट.फॉन्ट्स.रेडी’ची, म्हणजे मागवलेले फॉन्ट आले की पूर्ण होणाऱ्या वचनाची (प्रॉमिसची), वाट पाहण्याचा सल्ला अनेक ठिकाणी आढळतो, पण येथे तो निरुपयोगी आहे, कारण मागणीच झालेली नसेल तर ते वचन तत्काळ पूर्ण होते. त्याऐवजी ‘डॉक्युमेंट.फॉन्ट्स.लोड’ने फॉन्ट स्वतःहून मागवावा आणि त्याची ‘अवेट’ने वाट पाहून मगच कॅनव्हीजीकडे वळावे. साच्यात साधा आणि ठळक असे दोन्ही प्रकार असतील तर ४०० आणि ७०० या वजनांसाठी (ठळकपणाच्या पायऱ्यांसाठी) तो स्वतंत्रपणे मागवावा लागेल. या फंक्शनचा दुसरा आर्ग्युमेंट, म्हणजे नमुना मजकूर, बहुतेक जण देत नाहीत, आणि मराठीचे घोडे नेमके तेथेच अडते. गूगल फॉन्ट्स एकाच फॉन्टच्या लिपीनिहाय वेगवेगळ्या फाइली करून प्रत्येकीवर युनिकोडची मर्यादा घालते, म्हणजे ती कोणत्या अक्षरांसाठी वापरायची हे ठरवते. नमुना दिला नाही तर ब्राउझर केवळ एक रिकामी जागा गृहीत धरतो, लॅटिनची फाइल आणतो आणि काम झाले म्हणून सांगतो. देवनागरीची फाइल तशीच राहते. म्हणून नमुन्यात देवनागरी मजकूर द्यावाच.

धूसरपणाचे उत्तर सरळ आहे. १४८ बाय १०५ मिलिमीटरचा कागद, म्हणजे ए-६ आडवा, इंचाला ३०० बिंदूंनी छापायचा असेल तर १७४८ बाय १२४० पिक्सेल लागतात, आणि तुम्ही ५९२ देत आहात. कॅनव्हीजीच्या ‘रिसाइझ’ला हे आकडे ‘रेंडर’च्या आधी द्यावेत, म्हणजे रेषा आणि अक्षरे मोठ्या मापातच आखली जातील. तयार झालेले चित्र मागाहून ताणल्यास किंवा कॅनव्हासला सीएसएसने मोठी रुंदी दिल्यास पिक्सेल वाढत नाहीत. आयफोनवरील सफारीच्या अनेक आवृत्त्यांत कॅनव्हासची मर्यादा सुमारे १ कोटी ६७ लाख पिक्सेलची राहिली आहे. तुमची पावती २२ लाखांच्याही आत बसते.

कानामात्रा (उत्तर)

वरील निदान योग्य आहे, परंतु तुम्ही सोडून दिलेला मार्ग वाईट नव्हता, असे माझे मत आहे. कॅनव्हीजी एसव्हीजी स्वतः वाचून कॅनव्हासच्या आज्ञांमध्ये उतरवते, त्यामुळे गुंतागुंतीचे फिल्टर किंवा मुखवटे असलेल्या साच्यात ती कधीकधी कमी पडते. इमेजच्या मार्गाने तेच काम ब्राउझरचे स्वतःचे इंजिन करते.

‘बीटीओए’ला एका बाइटमध्ये मावणारी, म्हणजे लॅटिन-१ मधली अक्षरेच चालतात, त्यामुळे पहिल्याच देवनागरी अक्षराला ते नकार देते. बेस-६४ची गरजही नाही. एसव्हीजीच्या स्ट्रिंगचा ‘ब्लॉब’ (ब्राउझरच्या स्मृतीतील फाइल) करून त्याचा ऑब्जेक्ट यूआरएल, म्हणजे तात्पुरता पत्ता, इमेजला दिला की भागते. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की इमेज म्हणून उघडलेली एसव्हीजी ही बंद खोली असते. पानावरचा वेबफॉन्ट, पानाचे सीएसएस, बाहेरून जोडलेले बोधचिन्ह यांपैकी काहीही आत जात नाही. सगळी शिदोरी सोबत बांधून द्यावी लागते. फॉन्टची फाइल बेस-६४ रूपात एसव्हीजीच्या ‘स्टाइल’मध्ये भरावी लागते आणि त्या रूपात तिचा आकार एक तृतीयांशाने वाढतो. आकार कमी करण्यासाठी फॉन्ट छाटणार असाल तर जोडाक्षरांचे नियम छाटले जाणार नाहीत, हे पाहावे, अन्यथा ‘श्री’चा पाय मोडून ‘श्‌री’ छापले जाईल.

आणखी एक बारकावा आहे, जो मराठी माणसाच्याच डोळ्याला खुपतो. काही देवनागरी फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणे वेगळी दिलेली असतात आणि भाषा मराठी असल्याचे कळले तरच ती वापरली जातात. पानाच्या ‘एचटीएमएल’ टॅगवर लिहिलेली भाषाही त्या बंद खोलीत पोहोचत नाही, म्हणून साच्याच्या मूळ ‘एसव्हीजी’ टॅगवर ‘लँग’ पुन्हा लिहावे. आमच्या येथे एका अहवालाच्या मुखपृष्ठावर हिंदी वळणाचा ल गेला होता आणि ते छपाईनंतर एका निवृत्त शिक्षकांनी दाखवून दिले.

पावतीपुस्तक

दोघांचेही आभार. सध्या कॅनव्हीजीच ठेवली आहे. नमुना म्हणून ‘श्रीगणेश’ देऊन दोन्ही वजने मागवली आणि मराठी मजकूर पहिल्याच खेपेस बरोबर आला. छपाईही स्वच्छ झाली. परंतु आता पहिल्या पावतीत केवळ रक्कम आणि पावती क्रमांक वेगळ्या फॉन्टात येतात. ते इंग्रजी अंकांत आहेत. ₹ हे चिन्ह मात्र मुक्ताचेच आहे, याचे नवल वाटले.

जोडाक्षर

₹ हे चिन्ह गूगल फॉन्ट्सच्या देवनागरी फाइलीच्या मर्यादेत धरलेले आहे, त्यामुळे ते देवनागरीबरोबरच आले. इंग्रजी अंक लॅटिनच्या फाइलीत असतात आणि तुमच्या नमुन्यात लॅटिन काहीच, अगदी रिकामी जागाही, नसल्यामुळे ती फाइल मागवली गेली नाही. ही चूक माझ्याच उत्तराची. नमुना दोन्ही लिपींचा हवा, हे मी लिहायला हवे होते.

पावतीपुस्तक

झाले. आता ठरावीक नमुना देण्याऐवजी, साच्यात बसवलेला त्या पावतीचा संपूर्ण मजकूरच ‘लोड’ला देतो, म्हणजे देणगीदाराने आपले नाव कोणत्याही लिपीत लिहिले तरी मुक्तात असेल ती फाइल आधी येते.