गिटारच्या घट्ट झालेल्या खुंट्या: तेल द्यावे की नाही?

चौथी_तार (विजापूर रस्ता, सोलापूर)

नमस्कार. मामांची १९८०च्या दशकातील इलेक्ट्रिक गिटार नुकतीच माझ्याकडे आली आहे. ती वीस-बावीस वर्षे माळ्यावर पडून होती. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ पाहता तिची मान सरळ राहिली हेच नवल म्हणावे लागेल. पिकअप (तारांचा कंप पकडणारे चुंबकी भाग) वाजतात, अडचण आहे ती खुंट्यांची. हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या, एकाच बाजूस सहा खुंट्या ओळीने बसवलेल्या असून प्रत्येकीवर पातळ पत्र्याचे झाकण आहे आणि त्या झाकणाला एक बारीक छिद्र आहे. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेची खुंटी इतकी घट्ट आहे की फिरवताना तिचा प्लास्टिकचा कान तुटेल अशी भीती वाटते. तिसऱ्या तारेची खुंटी फिरते, परंतु सूर हळूहळू चढत नाही. थोडा वेळ काहीच होत नाही आणि मग ‘टिंग’ असा आवाज होऊन तो एकदम वर उडी मारतो.

घरी वडिलांचा तंबोरा आहे. खुंटीला तेलाचा हातही लागू देऊ नये, तेल लागले की खुंटी सुटते आणि तार उतरते, असे ते बजावतात. एका मित्राने गंज सोडवण्याचा स्प्रे मारायला सांगितले, तर दुसऱ्याने खुंट्या काढून रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवण्यास सुचवले. यांपैकी नेमके काय करावे?

मागावरचा

आपल्या वडिलांचे म्हणणे तंबोऱ्यापुरते पूर्णपणे खरे आहे. तंबोऱ्याची लाकडी खुंटी निमुळती असते आणि केवळ घर्षणाच्या जोरावर भोकात धरून राहते, म्हणून तिला खडू चालतो आणि तेल चालत नाही. गिटारच्या खुंटीची रचना मुळातच निराळी आहे. तिच्या कानाच्या दांडीवर मळसूत्रासारखे आटे असतात आणि ते, ज्या खांबाला तार गुंडाळली जाते त्याच्या दातेरी चाकात अडकलेले असतात. कान साधारण चौदा-पंधरा वेळा फिरवावा तेव्हा खांबाचा एक फेरा पूर्ण होतो. आट्यांनी चाक फिरते, परंतु तारेने कितीही ओढले तरी चाकाला आटे उलटे फिरवता येत नाहीत. त्यामुळे तेल दिल्याने तार उतरत नाही. उलट, कोरडे राहिलेले दाते एकमेकांना खातात.

मी अक्कलकोट रस्त्यावरच्या वसाहतीत यंत्रमागांची दुरुस्ती करतो आणि तिथे रोज दिसणारी गोष्ट इथेही लागू पडते: यंत्र घट्ट होते ते बहुधा तेल संपल्यामुळे नव्हे, तर जुने ग्रीस वाळून मेणासारखे झाल्यामुळे आणि त्यात धूळ बसल्यामुळे. त्या मळावर नवे तेल ओतले की काही दिवस बरे वाटते आणि नंतर तोच चिखल अधिक घट्ट होतो.

झाकणावरचे छिद्र तेलासाठीच ठेवलेले आहे. सहावी तार पूर्ण सैल करावी, शिलाई यंत्राचे किंवा मागाच्या स्पिंडलचे पातळ तेल सुईच्या टोकावर घेऊन एकच थेंब आत सोडावा आणि कान दोन्ही दिशांना पंधरा-वीस वेळा फिरवावा. बाहेर येणारा काळा मळ सुती चिंधीने टिपावा आणि चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हेच पुन्हा करावे. एक थेंब म्हणजे एकच थेंब. जास्त झालेले तेल झाकणाखालून लाकडात मुरते आणि मग स्क्रूची पकड जाते. खांब हेडस्टॉकच्या समोरच्या बाजूस ज्या धातूच्या वलयातून बाहेर येतो, तिथेही किंचित तेल लावावे. ही जागा बहुतेक जण विसरतात.

तारेवरची_कसरत

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु तिसऱ्या तारेचा दोष खुंटीत नसावा असे मला वाटते. ‘टिंग’ असा आवाज होऊन सूर उडी मारतो, याचा अर्थ तार नटच्या, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा जिच्यावरून जातात त्या आडव्या पट्टीच्या, खाचेत अडकते. ताण पुरेसा वाढला की ती झटक्याने सुटते. तिथे खुंटीला कितीही तेल दिले तरी उपयोग होणार नाही. खात्री करून घेणे सोपे आहे. तार सैल करून खाचेतून उचलून बाजूला ठेवावी आणि कान फिरवून पाहावा. तो सहज फिरला, तर खुंटी निर्दोष आहे असे समजावे. मग मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड खाचेत घासावी. तरीही तार अडकत असेल, तर खाच अरुंद आहे, आणि ते काम बारीक कानस हाताळणाऱ्या कारागिराकडे द्यावे. घरी एकदा खाच खोल झाली की तार पडद्यांवर खडखडते.

गंज सोडवण्याच्या स्प्रेबद्दल इतकेच सांगतो की त्यात विद्रावकाचा भाग मोठा असतो. तो उरलेसुरले ग्रीस धुऊन काढतो आणि उडून जातो. शिवाय तो फवारला जातो, म्हणजे रंगावर आणि लाकडावरही पसरतो. रॉकेलमध्ये तर खुंट्या मुळीच बुडवू नयेत. इतक्या वर्षांचे प्लास्टिकचे कान आधीच ठिसूळ झालेले असतात.

चौथी_तार

आपणा दोघांचेही आभार. तिसऱ्या तारेचे निदान अचूक निघाले. शिसे लावल्यावर उडी थांबली. सहाव्या खुंटीतून मात्र चिंधीभर काळा मळ निघूनही ती अर्धीच मोकळी झाली आहे. वडील शेजारी बसून पाहत होते आणि तार उतरत नाही याची त्यांनी दोनदा स्वतः खात्री करून घेतली.

मागावरचा

मग त्या खुंटीचे हेडस्टॉकच्या मागचे स्क्रू पाव-पाव फेरा सैल करून पाहा. ते कोणीतरी आवळून बसवले असतील, तर पातळ पत्रा वाकतो आणि दांडी आतल्या आत दाबली जाते. सैल करताच कान हलका झाला, तर तोच दोष होता. खुंटी हलणार नाही इतपतच स्क्रू पुन्हा बसवावेत. नाहीतर खांब वाकलेला आहे का हे पाहावे लागेल, आणि वाकलेला खांब सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये.

तारेवरची_कसरत

खुंटी बदलण्याची वेळ आलीच, तर आधी भोक मोजा. आजच्या बंद पेटीच्या खुंट्यांना बहुधा १० मि.मी. भोक लागते, तर आपल्यासारख्या जुन्या पद्धतीच्या खुंट्यांचे भोक ९ मि.मी.पेक्षाही लहान असू शकते. दुकानदार भोक मोठे करून देण्याची तयारी दाखवतात. तसे करू देऊ नका, जुन्या मापाच्या खुंट्या मागवा.

चौथी_तार

खालचा एक स्क्रू खरोखरच आवळलेला होता. अर्धा फेरा सैल केला आणि आता सहावी खुंटी बाकीच्यांसारखीच फिरते. उरलेल्या चार खुंट्यांना रविवारी एकेक थेंब देतो.