मदत हवी आहे: उदासिनीकरण नेमकं कुठे होतं ते मुलांना दिसायला हवं

आठवीच्या वर्गासाठी उदासिनीकरणाचा, म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिसळून एकमेकांचा परिणाम नाहीसा होण्याचा, प्रयोग करून पाहतेय. चुन्याच्या निवळीत चिमूटभर हळद टाकली, लालभडक झाली. मग ड्रॉपरने लिंबाचा रस थेंब थेंब सोडला. एका थेंबाला लाली जाऊन पिवळं आलं, फार सुंदर दिसतं! पण हळद उदासीन द्रावणात पिवळी आणि आम्लातही पिवळीच. रस जास्त झाला तरी कळत नाही.

जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून पाहिल्या. लिंबात गुलाबी, निवळीत हिरवट, पण मधला रंग इतका फिका की मागच्या बाकावरून दिसणार नाही.

लिटमस (आम्ल-आम्लारी ओळखायचा रंग बदलणारा कागद) संपलाय, लाल कोबी गावात मिळत नाही. कुंपणावर निळी गोकर्ण भरपूर आहे. तिच्या अर्कात निळा रंग टिकतो तोच उदासीन टप्पा मानावा का, आणि तीसेक मुलांसाठी साधारण किती फुलं घ्यावीत?