माइंड मॅप काढून अभ्यास खरंच होतो का?

लातूरकर: राज्यसेवेची तयारी करायलोय. अभ्यासिकेत शेजारचा रंगीत पेनांनी माइंड मॅप, म्हंजे विषयाचा फांद्या-फांद्यांचा नकाशा, काढत बसतो. माझ्या मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्याच नोट्स वहीभर झाल्यात, उजळणी होईना. मॅपनं फरक पडतो का?

परभणीची ताई: पडतो, पण चित्रकलेचा तास करू नको बाबा. पान आडवं धर, मधोमध विषय. फांद्या निजाम, स्टेट काँग्रेस, रझाकार, पोलीस कारवाई. स्टेट काँग्रेसला स्वामी रामानंद तीर्थ, रझाकारांना कासिम रझवी, कारवाईला १३ ते १७ सप्टेंबर १९४८. फांदीवर एक-दोनच शब्द. वाक्यं लिहिलीस की वही परत आलीच! खरं काम पुढं आहे: पान पालथं घालून कोऱ्या कागदावर तोच मॅप आठवून काढ. जी फांदी सुचत नाही तेवढीच वाच. रंगांचं म्हणशील तर दोन पेनं बस्स.

बीडवाला: नद्यांना तर लईच भारी. गोदावरी मधी, उजवीकडून सिंदफणा न् मांजरा, डावीकडून पूर्णा. पूर्णेला दुधना. मांजरेला तेरणा, मन्याड, लेंडी.

लातूरकर: आन् राज्यघटनेची कलमं?

परभणीची ताई: त्याला तक्ताच बरा. कलमांच्या फांद्या काढल्या की नुसतं जाळं होतं.