अठराव्या वर्षी आटणारे अनुदान

हॉटेलांमध्ये ठेवलेल्या आश्रयार्थींचा सारा खर्च ब्रिटनमधील कौन्सिलांच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, माथी पडतो, असे म्हटले जाते; ते मला मान्य नाही. 1999 च्या कायद्यानंतर प्रौढांच्या आणि कुटुंबांच्या निवासाची जबाबदारी तेथील गृहखात्याकडे आहे. कौन्सिलांवरचा खरा भार एकट्याने आलेल्या मुलांचा आहे, आणि असे म्हणताना त्यांचा उल्लेखही होत नाही याचे वाईट वाटते. इंग्लंडमध्ये 1989 च्या बाल कायद्यानुसार त्यांचा सांभाळ कौन्सिललाच करावा लागतो. 2021 च्या सुमारास लागू असलेल्या दरांनुसार, अशी मुले अधिक संख्येने सांभाळणाऱ्या कौन्सिलला प्रत्येक मुलामागे गृहखात्याकडून दररोज 143 पौंड अनुदान मिळे. परंतु मूल 18 वर्षांचे होताच हे अनुदान आठवड्याला 270 पौंडांवर, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्शावर येई. घरभाडे काही त्या दिवशी घटत नाही, आणि गरजेनुसार 25 व्या वर्षापर्यंत साहाय्य करण्याचे कायदेशीर बंधनही कायम राहते.